कॉव्हेंट्रीला एम.एस्सी. करायला निघालात?

नातेवाइकांनी विचारलं, ‘युनिव्हर्सिटी कुठली?’ आणि तुम्ही ‘कॉव्हेंट्री’ म्हणालात, की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘म्हणजे लंडनजवळ का?’ हो म्हणून टाका. रेल्वेनं तासाभराचं अंतर आहे, तेव्हा अगदीच थाप नाही.

ब्रिटनमध्ये ‘मॉडर्न युनिव्हर्सिटी’ म्हणतात ती 1992च्या कायद्यानं विद्यापीठ झालेल्या जुन्या पॉलिटेक्निक्सना. कॉव्हेंट्री त्यातलीच. आधी ती लँचेस्टर पॉलिटेक्निक होती. मोटारी बनवणाऱ्या फ्रेडरिक लँचेस्टरचं नाव लायब्ररीला अजून आहे. शहरच गाड्यांचं. टाटांच्या जग्वार लँड रोव्हरचं मुख्यालयही इथंच व्हिटलीत आहे, म्हणून ऑटोमोटिव्हच्या वर्गात पिंपरी-चिंचवडची मंडळी भेटली तर नवल नाही. मात्र मुख्यालय शहरात आहे म्हणून नोकरी ठेवलेली नाही, हे आधीच लक्षात घ्या. रँकिंगवरून घरी कोणी नाक मुरडलं तर मुरडू दे. इथं कामाचं शिकवतात, आणि ते वर्षभरात वसूल करायचं असतं.

वसूल कसं करायचं, तर आधी मार्कांचं गणित समजून घ्या. मास्टर्सला 180 क्रेडिट, त्यातले साधारण 60 एकट्या डिझर्टेशनचे, म्हणजे शेवटच्या प्रबंधाचे. पास व्हायला ब्रिटनमध्ये बहुतेक ठिकाणी 50, मेरिट 60ला, डिस्टिंक्शन 70ला. बी.ई.ला 80 टक्के पाडणाऱ्याला इथं 62 पडले की रडू येतं, पण 62 हे चांगले मार्क आहेत. मागच्या पाच वर्षांचे पेपर सोडवून निभावण्याचा खेळ इथं फारसा चालत नाही, कारण बरेचसे मार्क कोर्सवर्कचे. आणि सबमिशनच्या आदल्या रात्री टर्मवर्क छापायची सवय असेल तर ती विमानतळावरच सोडा, टर्नइटिन हे कॉपी शोधणारं सॉफ्टवेअर ती पकडतं.

माझ्या फ्लॅटमधल्या साताऱ्याच्या मुलाचं सांगतो. बॅटरी थंड ठेवण्याच्या पद्धतींचं ‘क्रिटिकल इव्हॅल्युएशन’ करा, म्हणजे त्या पारखून मत द्या, असा ब्रीफ (असाइनमेंटचा लेखी प्रश्न) होता. गड्यानं लिथियम-आयन सेल कसा चालतो हे आकृत्यांसकट पानंच्या पानं लिहिलं. एक अक्षर चुकीचं नव्हतं. मार्क आले 48, आणि समासात शेरा: ‘सो व्हॉट?’ पुढच्या असाइनमेंटला त्यानं ब्रीफची प्रिंट काढून भिंतीला चिकटवली आणि रुब्रिकमध्ये, म्हणजे मार्कांच्या तक्त्यात, कशाला किती मार्क आहेत ते अधोरेखित केलं. विषय एकच धरला: शहरातल्या छोट्या गाडीला हवेचं कूलिंग पुरतं की द्रवाचं लागतं? उलटसुलट निष्कर्ष काढणारे दोन शोधनिबंध समोरासमोर ठेवले, त्यांचे निष्कर्ष वेगळे का आले ते शोधलं, आणि आपलं मत ठोकून दिलं. मिळाले 66. इंग्रजी तेच, अभ्यासही जवळपास तेवढाच; फक्त या वेळी विचारलं होतं त्याचं उत्तर दिलं. ट्यूटरला नावानं हाक मारायला पहिल्यांदा जीभ वळत नाही, पण ऑफिस अवर्सला, म्हणजे विद्यार्थ्यांसाठी राखलेल्या त्यांच्या वेळेत, जाऊन ‘माझा मुद्दा बरोबर दिशेनं चाललाय का?’ एवढं विचाराच. तिथं सहसा आपली मुलं सोडून बाकी सगळे जातात.

आता पैशाचं. स्टुडंट व्हिसावर टर्म चालू असताना आठवड्याला 20 तासच काम करता येतं, आठवडा सोमवार ते रविवार. या आठवड्यात 12 केले म्हणून पुढच्यात 28, असं होत नाही. स्वयंरोजगाराला बंदी आहे, त्यामुळे डिलिव्हरी अॅपवर जेवण पोचवायचं कामही बाद. मित्राच्या अकाउंटवर तर अजिबात नको. भारतातले एजंट छातीठोकपणे सांगतात, ‘उन्हाळ्यात फुलटाइम करा, खर्च निघेल.’ मास्टर्सवाल्यांचा उन्हाळा डिझर्टेशनचा असतो आणि व्हिसाच्या नियमात तो टर्ममध्येच धरतात. त्यामुळे उन्हाळ्यातही, कोर्सची तारीख संपेपर्यंत, 20 म्हणजे 20. ज्याचं बजेट एजंटच्या त्या एका वाक्यावर उभं आहे, त्यानं कर्ज घेण्याआधी आकडेमोड पुन्हा करावी.

नोकरीच्या बाबतीत घाई तुम्हीच करायला हवी. मोठ्या कंपन्यांच्या ग्रॅज्युएट स्कीम (नव्या पदवीधरांची भरती) पुढच्या वर्षासाठी सप्टेंबर-ऑक्टोबरलाच उघडतात, म्हणजे तुम्ही अजून बँक खातं उघडायच्या रांगेत असता तेव्हा. सीव्ही दोन पानांत, फोटो आणि जन्मतारखेशिवाय, निघण्याआधीच तयार ठेवा. युनिव्हर्सिटीचे करिअर्सवाले मॉक इंटरव्ह्यू फुकट घेतात. कोर्सनंतर राहून काम करू देणारा ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांचा होता. 1 जानेवारी 2027पासून अर्ज करणाऱ्यांना, पीएच.डी. सोडली तर, 18 महिनेच मिळतील. त्यानंतर थांबायचं तर वर्क व्हिसासाठी स्पॉन्सर करणारी कंपनी लागते, आणि ती शेवटच्या तीन महिन्यांत सापडत नसते.

घराचं थोडक्यात. पाहिल्याशिवाय किंवा ओळखीच्या कुणाला पाहायला पाठवल्याशिवाय कुणालाही पैसे पाठवू नका. डिपॉझिट साधारणपणे पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही, आणि घरमालकानं ते 30 दिवसांत सरकारमान्य योजनेत ठेवायला लागतं. त्याचा कागद मागून घ्या. तूरडाळ, पोहे फोल्सहिल रोडवर मिळतात, त्यासाठी बॅगेतले किलो वाया घालवू नका. पोचलात की जीपीकडे, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेतल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवा; आरोग्यसेवेचा सरचार्ज व्हिसाबरोबर भरलेलाच असतो. घरातले सगळे फुलटाइम विद्यार्थी असतील तर काउन्सिल टॅक्स (तिथली घरपट्टी) नाही, पण विद्यार्थी असल्याचं सर्टिफिकेट युनिव्हर्सिटीकडून काढून द्यावं लागतं. आणि त्यातला एखादा कोर्स संपवून नोकरीला लागला की बिल येऊ लागतं. ते कोण भरणार, हे घर घेतानाच बोलून ठेवा.