आर्क्टिकमध्ये स्ट्रक्चरल वेल्डिंग आणि फिटिंग करताना या चुका टाळा

नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातील लाँगयिअरबेन हे गाव ७८ अंश उत्तर अक्षांशावर वसलेले आहे. तिथली जमीन कायम गोठलेली असल्यामुळे घरे आणि पाण्याच्या नळवाहिन्या जमिनीत रोवलेल्या पायल्सवर (खांबांवर) उभ्या असतात. साहजिकच पायलच्या डोक्यावर प्लेट बसवणे, बीम जोडणे, ब्रेसिंग (तिरके आधार) भरणे ही कामे वेल्डर आणि फिटरच्या वाट्याला सतत येतात. मार्च १९८६ मध्ये या भागात उणे ४६.३ अंश सेल्सिअस इतक्या नीचांकी तापमानाची नोंद झाली. ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. आपल्याकडून तिकडे जाणाऱ्या कारागिराला याच दोन गोष्टींची, थंडीची आणि अंधाराची, धास्ती वाटते. प्रत्यक्षात जोड बिघडतो तो बहुधा ओलाव्यामुळे आणि पोलादाच्या तापमानाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे, आणि तो बिघडल्याचे त्या दिवशी कळत नाही. पुढील बहुतेक चुका याच एका मुळातून येतात.

सर्वांत मोठी चूक प्रीहीटमध्ये, म्हणजे वेल्डिंगआधी धातू तापवण्यात, होते. मोठा तंबू ठोकला, आत हीटर लावला, हवा १० अंशांवर आली, आता काम सुरू करायला हरकत नाही, असा समज होतो. पण ४० मिलिमीटर जाडीची प्लेट रात्रभर उणे २५ अंशांत पडलेली असेल, तर तंबूतील हवा गरम झाली म्हणून ती लगेच गरम होत नाही. उलट उबदार हवेतील बाष्प त्या थंड पृष्ठभागावर दवासारखे किंवा हिमकणांसारखे जमते. म्हणजे उघड्यावर कोरडी असलेली प्लेट तंबूत आल्यावर ओली होते. अमेरिकन वेल्डिंग सोसायटीच्या एडब्ल्यूएस डी १.१ या संहितेनुसार जोडाच्या लगतची हवा उणे २० अंशांपेक्षा थंड असेल तर वेल्डिंग करता येत नाही, आणि मूळ धातू शून्याखाली असेल तर तो किमान २० अंशांपर्यंत तापवून घ्यावा लागतो. पोलादाच्या प्रतीनुसार आणि जाडीनुसार लागणारा प्रीहीट याहून अधिक असू शकतो. तो आकडा डब्ल्यूपीएसमध्ये, म्हणजे वेल्डिंगच्या लेखी कार्यपद्धतीत, दिलेला असतो आणि तोच पाळायचा असतो.

प्रोपेनचा टॉर्च थंड प्लेटवर धरताच ज्योतीभोवती पाण्याचे ओले वर्तुळ पसरते. ‘लोखंडाला घाम फुटला’, असे जुने कारागीर म्हणतात. हे पाणी पोलादातून बाहेर येत नाही. प्रोपेन जळताना पाण्याची वाफ तयार होते आणि ती थंड धातूवर जमते. हे वर्तुळ नाहीसे झाले म्हणजे प्रीहीट झाला असे मानणारे पुष्कळ आहेत, पण ते नाहीसे होते तेव्हा फक्त वरचा पापुद्रा तापलेला असतो. जोडाच्या दोन्ही बाजूंना निदान ७५ मिलिमीटर, आणि प्लेट त्याहून जाड असेल तर तिच्या जाडीइतका पट्टा, आरपार तापला पाहिजे. तापमान शक्यतो ज्योतीच्या विरुद्ध बाजूने टेम्पिल स्टिकने (ठरलेल्या तापमानाला वितळणाऱ्या कांडीने) किंवा संपर्क थर्मामीटरने पाहावे. विरुद्ध बाजूला हात पोहोचत नसेल, तर ज्योत काढून दोनेक मिनिटे उष्णता आत जिरू द्यावी आणि मगच मोजावे. पायलसारख्या जमिनीत गेलेल्या भागात उष्णता खाली निसटत राहते, त्यामुळे तिथे टॉर्चपेक्षा विजेवर चालणारे सिरॅमिक पॅड अधिक भरवशाचे ठरतात.

हायड्रोजनमुळे पडणाऱ्या तड्याचे गणित सोपे आहे. वेल्डमध्ये शिरलेला हायड्रोजन, झटपट निवल्यामुळे कडक झालेला धातू आणि आकसण्याने पडलेला ताण या तीन गोष्टी एकत्र आल्या की जोड थंड झाल्यावर काही तासांनी, कधी दोन दिवसांनी, बहुधा वेल्डच्या शेजारच्या पट्ट्यात तडा जातो. यांपैकी ताण आपल्या हातात फारसा नसतो, पण उरलेल्या दोन गोष्टी पूर्णपणे आपल्या हातात असतात. म्हणूनच वेल्डिंगच्या रॉडची निगा हा तिकडे शिस्तीचा विषय आहे. ई ७०१८ या कमी हायड्रोजनच्या जातीचे रॉड उघड्यावर राहिले असतील तर ते २६० ते ४३० अंशांदरम्यान किमान दोन तास भाजून घ्यावे लागतात आणि त्यानंतर निदान १२० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवावे लागतात. ओव्हनबाहेर साध्या ई ७०१८ ला चार तासांची मर्यादा आहे. हवा थंड म्हणजे कोरडी, त्यामुळे रॉड बाहेर राहिला तरी बिघडत नाही, हा युक्तिवाद अनेकदा ऐकू येतो. तो अर्धाच खरा आहे, कारण उणे २० अंशांत गार झालेला रॉड उबदार तंबूत आणताच प्लेटप्रमाणेच त्याच्याही लेपावर ओलावा धरतो. प्रत्येक वेल्डरने लहान क्विव्हर (रॉड गरम ठेवणारा डबा) जवळ ठेवून त्यातून एकेक रॉड काढणे हाच सरळ मार्ग आहे. खिशात किंवा बुटात खोचलेले रॉड दिसले तर फोरमनने ते तिथल्या तिथे बाद करावेत.

यानंतरची चूक मला सर्वांत जास्त खटकते, कारण ती अनुभवी माणसेच करतात. मुख्य वेल्डला प्रीहीट देणारा फिटर टॅक, म्हणजे तुकडे जागेवर धरणारा छोटा वेल्ड, मात्र थंड प्लेटवरच मारतो. खरे पाहता टॅक हा सर्वांत लवकर निवणारा वेल्ड असतो, कारण त्याच्यात धातू थोडा आणि त्याच्याभोवती थंड पोलाद अफाट. त्यामुळे मुख्य वेल्डला जो प्रीहीट, तोच टॅकला. टॅक लांबीला ५० मिलिमीटरच्या आसपास असावा आणि त्याची दोन्ही टोके ग्राइंडरने उतरती करावीत. तडकलेला टॅक रूट रनखाली (जोडाच्या तळाच्या पहिल्या थराखाली) गाडला गेला, तर पुढची सगळी मेहनत त्या तड्यावरच उभी राहते. जोडाबाहेर प्लेटवर आर्क ओढून रॉड पेटवणे हीदेखील याच जातीची चूक आहे, कारण त्या डागाखाली क्षणात कडक झालेला ठिपका उरतो. तो ग्राइंड करून काढावा आणि मॅग्नेटिक पार्टिकल (चुंबकीय कणांनी तडा दाखवणाऱ्या) चाचणीने तपासावा.

डॉग, क्लीट आणि लिफ्टिंग लग यांसारख्या, पकडायला किंवा उचलायला लावलेल्या तात्पुरत्या तुकड्यांबाबत असाच निष्काळजीपणा होतो. काम झाल्यावर ते हातोड्याने तोडले, तर गारठलेल्या पोलादात मूळ प्लेटचाच लचका निघतो. दोन-तीन मिलिमीटर सोडून ते कापावेत आणि उरलेला भाग ग्राइंड करावा. उत्तर समुद्रातील एकोफिस्क क्षेत्रात २७ मार्च १९८० रोजी अलेक्झांडर एल. शेलान हे तरंगते निवासी व्यासपीठ उलटले आणि १२३ माणसे दगावली. त्या अपघाताची सुरुवात एका ब्रेसिंगवर हायड्रोफोनचा (पाण्याखालील ध्वनिग्राहकाचा) आधार बसवण्यासाठी मारलेल्या ६ मिलिमीटरच्या फिलेट (कोपऱ्यात भरलेल्या) वेल्डपासून झाली होती, आणि तिथला तडा बांधणीच्या काळापासूनचा असल्याचे त्याच्या पृष्ठभागावर सापडलेल्या रंगावरून दिसून आले. ज्या तुकड्यावर कसलाही भार नाही, त्याचा वेल्डही मुख्य वेल्डइतक्याच काळजीने मारायचा असतो.

थंडीला उत्तर म्हणून करंट वाढवणे आणि रॉड रुंद डोलवत जाड रन भरणे ही उलट्या बाजूची चूक होय. त्यामुळे तडा टळेल, पण वेल्डच्या शेजारील धातूचे कण मोठे होऊन त्याची कमी तापमानातील चिवटता घटते. आर्क्टिकमधील बांधकामात ही चिवटताच मोलाची असते. डब्ल्यूपीएसमध्ये हीट इनपुट (जोडात जाणारी उष्णता) आणि इंटरपास तापमान (दोन रनमधील तापमान) यांची वरची मर्यादा दिलेली असते, ती याचसाठी. अरुंद, सरळ रन भरावेत आणि जोड संपल्यावर तो सिरॅमिक ब्लँकेटखाली सावकाश निवू द्यावा. जेवणाच्या सुट्टीसाठी किंवा जनरेटर बंद पडल्यामुळे अर्धवट भरलेला जोड उघडा टाकू नये. थांबणे भागच असेल तर उष्णता टिकवून ठेवावी, आणि ते शक्य नसेल तर पुन्हा पूर्ण प्रीहीट देऊनच काम सुरू करावे.

मालाच्या प्रतीचा घोळ याच चिवटतेशी निगडित आहे. तळोजा किंवा चाकणच्या शेडमध्ये स्टिफनर (प्लेट ताठ ठेवणारी पट्टी) कमी पडला तर भंगारातील तुकडा कापून लावला जातो आणि आपल्या हवामानात तो खपूनही जातो. आर्क्टिकमध्ये तसे करू नये. एस ३५५ जे२ या पोलादाच्या प्रतीची आघात चाचणी उणे २० अंशांवर २७ ज्यूलची असते, तर एस ३५५ एनएल ची उणे ५० अंशांवर. दोन्ही प्लेटी दिसायला सारख्याच असतात आणि कापायलाही सारख्याच लागतात. म्हणून प्लेट कापण्याआधी हीट नंबर (पोलादाच्या घाण्याचा क्रमांक) उरलेल्या तुकड्यावर पंच करून घ्यावा. रॉडचेही तेच आहे: साध्या ई ७०१८ ची हमी उणे २९ अंशांपर्यंतची, तर ई ७०१८-१ ची उणे ४६ अंशांपर्यंतची आहे. डब्यावरचा तो शेवटचा ‘१’ वाचल्याशिवाय डबा फोडू नये.

फिटिंगमध्ये मापाची गफलत होते ती अशी. २० मीटरचा गर्डर १५ अंशांच्या हॉलमध्ये तयार झाला आणि उणे २५ अंशांत उभा करायला नेला, तर तो साधारण साडेनऊ मिलिमीटरने आखडतो. पोलादी टेप त्याच थंडीत राहिली तर तीही तेवढीच आखडते, त्यामुळे बाहेर मोजल्यास माप जुळते. हॉलमधील गरम तुकडा बाहेरच्या थंड सांगाड्यात ताबडतोब बसवायला गेल्यास मात्र तो लांब भरतो, आणि मग कोणीतरी गॅस कटर हातात घेतो. तुकडा आधी बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावा. उन्हाळ्याकडे जाताना आणखी एक अडचण येते: एप्रिलच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत सूर्य मावळत नाही. तो क्षितिजापासून फारसा वर न चढता फिरत असल्याने खांबाची एकच बाजू तापते आणि खांब किंचित वाकतो. आपल्याकडे पहाटे ओळंबा पाहण्याची पद्धत आहे, पण तिथे पहाटच नसते, म्हणून ढगाळ वेळ गाठावी.

बोल्टच्या जोडात दोन प्लेटींमध्ये हिमाचा पातळ थर राहिला आणि तसेच बोल्ट आवळले, तर तो थर वितळल्यावर जोड सैल पडतो. गारठलेल्या वंगणामुळे टॉर्क रेंच (मोजून आवळणारा पाना) ठरलेला आकडा दाखवतो, पण बोल्टमध्ये तेवढा ताण आलेला नसतो. म्हणून बोल्ट उबेत ठेवावेत. पोकळ बॉक्स सेक्शनमध्ये पाणी अडकून गोठले तर सेक्शन शिवणीवर फुटतो, तेव्हा तो एकतर पूर्ण बंद करावा किंवा खाली निचऱ्याचे भोक ठेवावे. गोठलेल्या जमिनीत भोक पाडून गाऱ्यात बसवलेली पायल तो गारा पुरता गोठेपर्यंत पकड घेत नाही. त्याआधी तिच्यावर बीम ठेवून वेल्ड केल्यास नंतर पातळी बदलते आणि खापर फिटरवर फुटते.

सामग्रीबाबत थोडक्यात. शुद्ध प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू देते, पण ब्यूटेन शून्याच्या जवळच द्रवरूप राहते, त्यामुळे मिश्र एलपीजी तिथे निरुपयोगी ठरते. दाब पडला म्हणून सिलिंडरला ज्योत लावणे हा जिवाशी खेळ आहे. पीव्हीसीच्या केबलचे आवरण तडकते, म्हणून रबरी केबल मागवावी. अर्थ क्लॅम्पखालची जागा ग्राइंड करून कोरडी ठेवावी. आपोआप काळे होणारे हेल्मेट गारठ्यात मंदावते, तेव्हा साध्या काचेचे एक जवळ असू द्यावे. न्यू-ओलसुंद या वस्तीत, जिथे गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राचे ‘हिमाद्री’ हे स्थानक २००८ पासून आहे, वैज्ञानिक उपकरणांसाठी रेडिओ शांतता पाळली जाते आणि ब्लूटूथ व वायफाय वापरता येत नाही. वायरलेस रिमोटचे वेल्डिंग मशीन किंवा ब्लूटूथचा टॉर्क रेंच घेऊन तिथे जाऊ नये.

तंबू घट्ट बंद करून आत गॅसचा उघडा हीटर लावणे ही जीवघेणी चूक आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि शिल्डिंगसाठी (वेल्डला हवेपासून वाचवण्यासाठी) वापरलेला आर्गॉन तळाशी साचतो. धूर बाहेर सोडणारा हीटर, हवा खेळती राहण्यासाठी फट आणि गजर देणारा गॅस डिटेक्टर या तीन गोष्टींशिवाय आत काम करू नये. आतील कपडे लोकरीचे असावेत, कारण फ्लीससारखे कृत्रिम कापड स्पॅटरने (उडणाऱ्या तप्त थेंबांनी) वितळून कातडीला चिकटते आणि सुती कापड घाम धरून ठेवते. वस्तीबाहेर काम असेल तर ध्रुवीय अस्वलांवर लक्ष ठेवणारा वेगळा माणूस हवाच. हेल्मेट खाली ओढलेल्या, शेजारी ग्राइंडर चालू असलेल्या वेल्डरला काहीही दिसत किंवा ऐकू येत नाही.

कागदपत्रांचे दोन मुद्दे निघण्यापूर्वीच तपासावेत. वेल्डरच्या पात्रता चाचणीच्या आयएसओ ९६०६-१ या मानकाच्या २०१२ च्या आवृत्तीत बट वेल्डची (समोरासमोरच्या जोडाची) चाचणी उत्तीर्ण झाल्याने फिलेट वेल्डची पात्रता आपोआप मिळत नाही, आणि स्ट्रक्चरच्या कामात तर फिलेटच जास्त असतात. स्वालबार्डला व्हिसा लागत नसला तरी वाट नॉर्वेतून जाते आणि स्वालबार्ड शेंगेन क्षेत्राबाहेर आहे, म्हणून परतीसाठी एकाहून अधिक प्रवेशांचा शेंगेन व्हिसा घ्यावा.

राहता राहिली तपासणी. निरीक्षकाचे परतीचे विमान उद्याचे आहे म्हणून वेल्ड थंड होताच अल्ट्रासोनिक चाचणी उरकून घेण्याचा आग्रह धरला जातो. त्या चाचणीत जोड निर्दोष दिसतो, कारण तडा अजून पडलेलाच नसतो. जाड आणि जास्त ताकदीच्या पोलादासाठी ४८ तास थांबूनच चाचणी घ्यावी आणि विमानाचे आरक्षण त्यानुसार करावे. पाण्यावर आधारलेली मॅग्नेटिक शाई व अल्ट्रासोनिक चाचणीचे जेल गोठतात, म्हणून तेलावरची शाई आणि ग्लायकॉलयुक्त कपलंट (जेल) सोबत न्यावे. तडा सापडलाच, तर त्यावरून नवा रन ओढून तो झाकू नये. तडा शेवटच्या टोकापर्यंत ग्राइंड करून काढावा, तो संपल्याची मॅग्नेटिक पार्टिकलने खात्री करावी, तडा पडण्याचे मूळ ओलाव्यात होते की अपुऱ्या प्रीहीटमध्ये ते शोधावे आणि दुरुस्तीची मंजूर डब्ल्यूपीएस घेऊन, बहुधा पहिल्यापेक्षा जास्त प्रीहीट देऊन, जोड पुन्हा भरावा. दुरुस्ती झाल्यावर ४८ तासांची मोजणी नव्याने सुरू होते.