इमर्जिंग देशांचे आकडे वाचायचे कसे

"जगाची निम्म्याहून जास्त अर्थव्यवस्था आता इमर्जिंग देशांकडे" असलं काही वाचलं की (इमर्जिंग म्हणजे भारत, चीन, ब्राझीलसारखे अजून वर येत असलेले देश) आधी बघायचं जीडीपी कुठल्या हिशोबाने मोजलाय, कारण पीपीपीने, म्हणजे प्रत्येक देशातल्या किमतींचा फरक धरून मोजलं तर आयएमएफच्या (आंतरराष्ट्रीय नाणेनिधी) आकड्यांत या देशांचा वाटा ६० टक्क्यांच्या आसपास येतो आणि साध्या डॉलरच्या रेटने मोजलं की तोच ४० च्या आसपास, दोन्ही खरेच आहेत, फक्त काम वेगळं. लोक किती वापरतात, किती बनवतात हे बघायचं असेल तर पीपीपी घ्या. तेल विकत घेणं, परदेशी कर्ज फेडणं असले विषय असतील तर डॉलरवालाच घ्या, तिथे पीपीपी कोणी विचारत नाही.

मग कुठले देश इमर्जिंग धरलेत ती यादी चेक करा. दक्षिण कोरिया आयएमएफच्या यादीत प्रगत आहे आणि एमएससीआय या इंडेक्स बनवणाऱ्या कंपनीच्या शेअर इंडेक्समध्ये अजून इमर्जिंग, त्यामुळे दोन रिपोर्टचे आकडे सरळ जोडायला जाऊ नका. चीन बाजूला काढून पण एकदा बघाच, बरीच हवा तिथेच जाते.

आणि वाटा वाढला म्हणजे वजन वाढलं असं नाही हं! आयएमएफमध्ये मोठ्या निर्णयांना ८५ टक्के मतं लागतात, एकट्या अमेरिकेकडे १६ टक्क्यांहून जास्त आहेत, म्हणजे ती नाही म्हणाली की विषय संपला. ताजे आकडे आयएमएफच्या वर्ल्ड इकॉनॉमिक आउटलुकमध्ये एप्रिल आणि ऑक्टोबरला येतात, फुकट आहेत.