लॅटिन शिकायचंय? मराठी हाताशी ठेवून सुरुवात करा

लॅटिनची बहुतेक पुस्तकं इंग्रजी वाचकासाठी लिहिलेली असतात. विभक्ती म्हणजे काय, निर्जीव वस्तूला लिंग कसं असू शकतं, हे समजावण्यात त्यांची बरीच पानं खर्ची पडतात. मराठी वाचकाने ती खुशाल उलटावीत. तीन लिंगं आपल्याकडे आहेत, क्रियापद शेवटी येण्याची सवय आहे, आणि शाळेत संस्कृत घेतलं असेल तर रूपावलीची धास्तीही नसते. आपल्या अडचणी वेगळ्या असतात आणि जरा पुढे गेल्यावर भेटतात.

आधी उच्चार ठरवा

दोन परंपरा आहेत. एकीत रोमचा प्रसिद्ध वक्ता सिसेरो ‘कीकेरो’ होतो, दुसरीत ‘चीचेरो’. पहिला उच्चार अभ्यासकांनी प्राचीन रोमसाठी सिद्ध केलेला, दुसरा चर्चचा, इटालियन वळणाचा. वसईत किंवा गोव्यात चर्चमधलं ‘तांतुम एर्गो’ हे लॅटिन स्तोत्र कानावर पडत वाढला असाल तर चर्चचाच धरा, निम्मी लय आधीच बसलेली असेल. बाकीच्यांनी पहिला घ्यावा. काहीही घ्या, पण मध्येच बदलू नका. पाठ्यपुस्तक मात्र दीर्घ स्वरांवर आडवी रेघ देणारंच निवडा. काही नामांची विभक्ती शेवटचा स्वर ऱ्हस्व आहे की दीर्घ एवढ्यावरच ठरते.

मग एखाद्या वनस्पती उद्यानात चक्कर मारा

हे गमतीने सांगत नाही. विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे कसं चालतं, हे झाडांवरच्या पाट्यांइतकं सोपं करून कुठलंही पुस्तक शिकवत नाही. आंबा म्हणजे ‘मांगिफेरा इंदिका’: आंबे धारण करणारी, भारतातली. नारळ ‘कोकोस नुकिफेरा’. पिंपळाच्या पाटीपाशी मात्र थांबा. तो ‘फिकुस रेलिगिओसा’. ‘उस’ने संपणारं नाम एरवी पुल्लिंगी असतं, मग विशेषण ‘रेलिगिओसुस’ का नाही? कारण रोमन लोकांच्या भाषेत झाडं बहुधा स्त्रीलिंगी. चिंचेचंही तेच, ‘तामारिंदुस इंदिका’. वनस्पतिशास्त्रात तर नव्या प्रजातीचं वर्णन 2011 संपेपर्यंत लॅटिनमध्येच द्यावं लागे, त्यामुळे भाषा मेली म्हणणाऱ्यांशी वाद घालायला हा मुद्दा बरा पडतो.

विभक्त्या पाठ करा, पण नाम जोडीने

लॅटिनमध्ये विभक्त्या सहा, संबोधन धरून. संस्कृतपेक्षा कमी दिसतात, पण पंचमीसारख्या एकाच विभक्तीने तृतीया आणि सप्तमीचंही काम अंगावर घेतलं आहे. ‘तलवारीने’, ‘शहरातून’, ‘शहरात’ ही तिन्ही तिथेच सापडतील. नेमका अर्थ शब्दयोगी अव्यय आणि संदर्भ सांगतात.

खरा त्रास नामांच्या तिसऱ्या गटात. राजा म्हणजे ‘रेक्स’, पण राजाचा म्हणजे ‘रेगिस’. प्रवास ‘इतेर’, प्रवासाचा ‘इतिनेरिस’. पाणी म्हणताना ‘पाणी’ आणि प्रत्यय लावताना ‘पाण्या-’, तसंच हे सामान्यरूप समजा. म्हणून शब्दकोशात दोन रूपं दिलेली असतात आणि दोन्ही एकदमच पाठ करायची. नुसतं ‘इतेर’ लक्षात ठेवून पुढे काहीही ओळखता येत नाही.

क्रियापदांची पाठ करायची मूळ रूपं चार-चार. ‘आमो, आमारे, आमावी, आमातुम’ हे सरळ. मांगिफेरामध्ये जे क्रियापद लपलं आहे ते मात्र ‘फेरो, फेर्रे, तुली, लातुम’ असं चालतं. आपण ‘जातो’चा भूतकाळ ‘गेला’ करतो, तेव्हा तक्रार करायची सोय नाही.

तक्ते अर्धवट असतानाच वाचायला लागा

इथे संस्कृतवाले अडकतात. सगळे तक्ते पाठ झाल्याशिवाय पुस्तक उघडायचं नाही, ही शिस्त लॅटिनमध्ये घातक ठरते, कारण तक्ता घडाघडा म्हणता येतो आणि ओळ मात्र वाचता येत नाही. हान्स ओर्बेर्ग या डॅनिश शिक्षकाचं ‘फामिलिया रोमाना’ घ्या. 35 प्रकरणं, पहिल्या ओळीपासून सगळं लॅटिनमध्येच. पहिलं वाक्य ‘रोमा इन इतालिया एस्त’: रोम इटलीत आहे. शब्दांचा क्रमही आपलाच.

इंग्रजी मार्गदर्शक सांगतात, आधी क्रियापद शोधा, मग कर्ता, मग कर्म. हा सल्ला विसरा. आपण एरवीही लांब मराठी वाक्य शेवटच्या शब्दापर्यंत धरून ठेवतोच. डावीकडून उजवीकडे, मोठ्याने, तसंच वाचा. रोज अर्धा तास पुरे. शब्द अडला तर शिकागो विद्यापीठाचा ‘लोगेइऑन’ हा ऑनलाइन कोश फुकट आहे. पण प्रत्येक शब्दाला तिकडे धावलात तर वाचन राहिलं बाजूलाच.

खऱ्या लेखकांकडे जाताना

इथे बहुतेक जण सोडून देतात. पाठ्यपुस्तक संपतं, माणूस थेट कीकेरो उघडतो आणि अर्ध्या पानाच्या वाक्यात हरवतो. त्याऐवजी चौथ्या शतकातल्या एउत्रोपियुसचा रोमचा छोटा इतिहास घ्या: वाक्यं आखूड, राजे आणि लढाया भरपूर. मग जेरोमचं लॅटिन बायबल, त्यानंतर सीझर. सीझरच्या ‘ऊर्बे काप्ता’सारख्या रचना म्हणजे ‘शहर घेतल्यावर’. संस्कृतची सति सप्तमी आठवत असेल तर हे प्रकरण एका संध्याकाळीच संपेल.

मधूनमधून कातुल्लुस हा रोमन कवी वाचा. त्याची ‘ओदी एत आमो’ ही कविता दोनच ओळींची आहे. 14 शब्द, त्यातली आठ क्रियापदं, नाम एकही नाही. द्वेष करतो आणि प्रेमही करतो, असं का ते ठाऊक नाही, फक्त होतंय हे जाणवतं आणि जीव पिळवटतो. एवढंच. हे अनुवादाशिवाय कळलं की तक्त्यांचे कष्ट वसूल झाले.

महाकवी व्हर्जिल सगळ्यात शेवटी, पण तिथे पुन्हा आपली बाजू वरचढ आहे. लॅटिन वृत्तं लघु-गुरूंवर चालतात आणि स्वरानंतर दोन व्यंजनं आली की अक्षर गुरू, हा नियम शाळेत शिकलेलाच आहे. त्याच्या महाकाव्याच्या ओळीत सहा गण: प्रत्येक जागी भगण (एक गुरू, मग दोन लघू) किंवा दोन गुरू, पाचव्या जागी जवळजवळ नेहमी भगण, शेवटी दोनच अक्षरं. नवीन शिकायचं ते इतकंच की, शब्दाच्या शेवटी स्वर आणि पुढचा शब्दही स्वराने सुरू होत असेल तर आधीचा गिळायचा. संधी करायला जाऊ नका.