झांग हेइन्यूच्या मृत्युलेखावरून कुंचल्याचा सराव

उत्तर वेई राजवटीच्या काळातले (चौथं ते सहावं शतक) चिनी मृत्युलेख, म्हणजे थडग्यात ठेवलेल्या दगडांवर कोरलेले लेख, गिरवायचे असतील तर सुरुवात झांग हेइन्यूपासून करा, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते. हा नानयांगचा अधिकारी. लेख ५३१ सालचा. मूळ दगड हरवला. त्याचा कागदावर शाईनं घेतलेला एकच जुना ठसा उरलाय, तो छिंग काळातले सुलेखनकार ह शाओजी यांच्या संग्रहात होता. आज आपण गिरवतो त्या सगळ्या प्रती त्या एका ठशावरून आलेल्या आहेत. मला त्याचं फार अप्रूप वाटतं.

लुओयांगच्या उत्तरेला मांग टेकड्यांतल्या थडग्यांत असे शेकडो दगड निघाले. बहुतेकांवर अक्षरांचे कोन धारदार दिसतात. ती धार बरीचशी छिन्नीची आहे, कुंचल्यानं लिहिलेलं अक्षर दगडात कोरताना आलेली. नवशिके नेमकी तीच उचलतात आणि रेषा लाकडी होते. झांग हेइन्यूमध्ये दगडाखालचा कुंचला अजून जाणवतो, म्हणून तो आधी.

शेळीच्या मऊ केसांत थोडे ताठ केस मिसळलेला कुंचला घ्या. कागद बांबूचा, पिवळसर, साधा. शुआन हा सुलेखनाचा मऊ चिनी कागद शाई फार पसरवतो, तो नंतर. सात-आठ सेंटिमीटरच्या चौकटी आखा.

पहिला आठवडा फक्त आडवी रेषा. टोक वरून उजवीकडे तिरकं खाली टेकवा, क्षणभर थांबा, केस दिशा बदलून सरळ झाले की मगच उजवीकडे निघा. रेषा किंचित वर चढू द्या. शेवटी दाबून मागे वळवा. बोरूचं टोक कापलेलं असतं, त्यामुळे चौकोनी सुरुवात आपोआप मिळते. इथे ती दर वेळी हातानं घडवावी लागते. बोरूवर हात बसलेली मंडळी हे थांबणं विसरतात.

मग वळण. कोपऱ्यावर कुंचला थोडा उचला, नव्यानं टेकवा, खाली उतरा. ओढत नेलंत तर कोपरा सुजतो.

अक्षर रुंद आणि बसकं ठेवा. लिशू या त्याआधीच्या, रुंद-बसक्या चिनी लेखनशैलीची आठवण या लेखात अजून आहे. लांब आडव्या रेषा आणि उजवीकडे तिरका खाली उतरणारा फटकारा मोकळा पसरतो, आतली जागा मात्र घट्ट राहते. मूळ अक्षरावर पेन्सिलीनं उभी मध्यरेषा काढून डावी-उजवी बाजू मोजा.

हे हाताला आलं की छुफूच्या कन्फ्यूशियस मंदिरातला झांग मेंगलोंगचा ५२२ सालचा शिलालेख घ्या. तो मृत्युलेख नाही, पण त्याचे कोन कडक आहेत, आणि तोवर कोन कुठून येतो ते तुम्हाला कळलेलं असेल.