मोकाट जनावरं आणि माळावरची घरटी : या चुका टाळा

उन्हाळा लागला की माण, खटाव, आटपाडी, जतच्या माळांवर पक्षी बघणाऱ्यांची वर्दळ वाढते. टिटवी, धाविक, करवानक, डोंबारी चंडोल, पखुर्डी हे सगळे उघड्या जमिनीवर अंडी घालणारे, आणि त्याच जमिनीवर मोकाट गुरं फिरतात. घरटी तुडवली जातात हे खरं आहे. पण कोणी तुडवली, कधी तुडवली याची चौकशी न करता जे सांगत सुटतात त्यांना काय म्हणावं? दर वर्षी नवी माणसं येतात आणि चुका त्याच असतात.

सगळं खापर मेंढरांवर फोडणं

यावर जास्त लिहितो, कारण या एका सवयीनं माणसं तोडली आहेत.

दहिवडीच्या पुढच्या एका माळावरची गोष्ट. मे महिना होता. पक्षी बघायला आलेल्या काही पोरांना माळटिटवीचं, म्हणजे पिवळ्या गाठीच्या टिटवीचं, घरटं चिरडलेलं सापडलं. पलीकडे मेंढरं चरत होती. मागे कळप दिसेल असा फोटो काढला आणि तासाभरात तो व्हॉट्सॲपवर गावभर झाला. मी पोचलो तेव्हा म्हाताऱ्या मेंढक्याभोवती माणसं जमली होती. तो कोणाशी भांडला नाही. सगळ्यांना घरट्यापाशी घेऊन गेला, उकिडवा बसला आणि म्हणाला, "ह्यो खूर मेंढराचा हाय व्हय?"

आदल्या संध्याकाळी वळवाची सर पडून गेली होती. ओल्या मातीत खोल रुतलेला तो खूर तळहाताएवढा होता. टरफलं त्याच्या तळाशी चपटी होऊन मातीत बसली होती, बलक वाळून वर मुंग्या लागल्या होत्या. दोन पावलांवर शेणाचा पो, आणि त्याच्या पुढे जनावर रात्रभर बसल्यानं दबलेली जमीन. मेंढरं आली सकाळी ऊन चढल्यावर, तोवर वरची माती सुकली होती आणि त्यांचे खूर नुसते वरवर उमटले होते. घरटं गेलं होतं ते रात्रीच, गावाबाहेर सोडून दिलेल्या जर्सी गोऱ्ह्यांच्या पायाखाली.

फोटो ज्यांनी पुढे पाठवला त्यांनी खुलासा काही पाठवला नाही. त्या मेंढक्यानं त्यानंतर कोणाही पक्षीवाल्याला एक घरटं दाखवलेलं नाही, आणि त्या माळावर कुठं काय बसलंय हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं.

थोडा हिशेब आधी करायला हवा होता. माळटिटवी मुख्यतः मार्च ते मे या काळात अंडी घालते. दिवाळीनंतर माण, खटाव, फलटणकडचे कितीतरी वाडे, म्हणजे मेंढरं घेऊन फिरणाऱ्या मेंढक्यांचे तांडे, कोकणात उतरतात, ते पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे अंड्यांच्या ऐन हंगामात बरेच कळप माळावर नसतातच. जे असतात त्यांच्याबरोबर माणूस असतो, आणि टिटवी डोक्यावर ओरडायला लागली की तो कळप वळवतो. मोकाट गोऱ्ह्याला वळवणारं कोणी नसतं. तो रात्री बसायला कोरडी, उघडी, जराशी उंचवट्याची जागा शोधतो, आणि टिटवीही नेमकी तशीच जागा निवडते. दुधाच्या धंद्यात गोऱ्ह्याला किंमत नाही, ट्रॅक्टर आल्यापासून म्हाताऱ्या बैलाला नाही, 2015 पासून राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे. ज्याला वैरण परवडत नाही तो रात्रीतून दावं सोडतो. माळावरची मोकाट गुरं वाढली ती अशी.

मेंढरांनी काहीच होत नाही असं नाही. दाट कळप गेला तर अंडी फुटतात, आणि कळपाबरोबरची कुत्री पिल्लं उचलतात. पण मग वहीत 'कुत्रं' लिहा, 'चराई' लिहू नका. मी खिशात दहा रुपयांचं नाणं ठेवतो आणि ठशाशेजारी ठेवून फोटो घेतो. नाण्याचा व्यास 27 मिलिमीटर असतो. मेंढराचा खूर साधारण दोन नाण्यांचा भरतो, मोठ्या गुराचा चार.

रिकामं घरटं म्हणजे मोडलेलं घरटं, असं समजणं

टिटवीची पिल्लं अंड्यातून निघाली की अंग सुकताच आईबापामागे चालायला लागतात. मोठी टरफलं आईबाप लांब नेऊन टाकतात. खळगीच्या तळाशी टरफलाची बारीक कच उरते. खडे हळूच बोटानं बाजूला करून ती बघा. कच असेल तर बहुधा पिल्लं निघाली. टरफल नाही, कच नाही, सगळं साफ असेल तर मुंगूस, कावळा, कुत्रं यांचा विचार करा. हे दोन मिनिटांचं काम आहे, आणि घाईत असलेला माणूस नेमकं तेच टाळतो.

घरट्याशेजारी काठी रोवणं किंवा दगड रचणं

काठीवर कावळा बसतो, आणि गुरं अंग घासायला येतात. खूण हवीच असेल तर लांबचं एखादं झुडूप धरा आणि तिथून पावलं मोजून लिहून ठेवा.

दुपारी घरटी शोधणं

टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि अंडी गार ठेवते, एवढं तिथलं ऊन असतं. तुम्ही फोटोसाठी उभे राहता तेव्हा ती अंड्यांवरून उठलेली असते. सकाळी नऊनंतर माळ सोडा.

माळाच्या मधोमध पाण्याची टाकी बांधणं

सगळी मोकाट गुरं तिथंच गोळा होतात. टाकी रस्त्याच्या कडेला बांधा.

'चराई पूर्ण बंद करा' म्हणणं

ही दुसरी मोठी चूक, आणि शहाणी माणसंही ती करतात. माळावरच्या सगळ्या पक्ष्यांना एकच गवत लागत नाही. धाविक, माळटिटवी, पखुर्डी यांना आखूड गवत किंवा उघडी गोटाळ जमीन लागते. लावा आणि तित्तर यांना दडायला गवताचे ठोंब लागतात. चराई सलग काही वर्षं बंद ठेवली की कुसळी गवत गुडघ्याला लागतं, धाविक निघून जातो, आणि वाळलेल्या गवतात एक काडी पडली तर अख्खा माळ पेटतो. उलट मोकाट गुरं बारमाही एकाच जागी राहिली तर मारवेल, पवन्या ही चांगली गवतं मुळापर्यंत खाल्ली जातात आणि लाव्याला आडोसा उरत नाही. तो पावसाळ्यात अंडी घालतो, म्हणजे ऐन गरजेच्या वेळी.

मला पटतं ते जुन्या राखणीसारखं. माळाचे भाग पाडायचे, पावसाळ्यात एक भाग राखायचा, दिवाळीच्या सुमाराला गवत कापून घ्यायचं, मग तिथं राखणदाराबरोबर जनावरं सोडायची. पुढच्या वर्षी दुसरा भाग. राखलेल्या माळावर उत्साहानं झाडं लावू नका, प्रत्येक झाड कावळ्यांसाठी टेहळणीचा बुरूज होतं.

मोकाट गुरांचा विषय फोटो टाकून सुटत नाही. कोंडवाडा ग्रामपंचायतीच्या अखत्यारीत येतो, आणि तो चालवायचा तर वैरण, पाणी आणि माणूस ठरवायला वेळ लागतो. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत मेंढक्यांना बरोबर घेऊन जा आणि विषय मांडा. 1 मेच्या ग्रामसभेपर्यंत थांबलात तर त्या हंगामातली बरीचशी घरटी तोवर तुडवून झालेली असतात.