मचूळ बोअर आणि बेसाल्ट: कोकणात नमुने घेणाऱ्यांसाठी

खाडीकाठच्या बोअरचं पाणी मचूळ लागलं की नवखा विद्यार्थी लगेच लिहितो, 'समुद्र आत शिरला'. थांबा. बेसाल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या कातळात, पाणी वाळूसारखं सगळीकडून झिरपत नाही, ते भेगांतून आणि लाव्हाच्या दोन थरांमधल्या सांध्यांतून वाहतं. त्यामुळे शेजारच्या दोन बोअरची चवही वेगळी निघते, आणि गोड्या पाण्याच्या उंचीच्या चाळीसपट खोलीवर खारं पाणी हा पुस्तकी हिशेब इथे भरवशाचा नाही.

आधी बोअर उपसा, म्हणजे साचलेलं शिळं पाणी निघून जाईल. 150 मिमी व्यासात 30 मीटर पाणी उभं असेल तर ते सुमारे 530 लिटर. तिप्पट म्हणजे जवळपास 1,600 लिटर काढावं लागतं. बोअर त्याआधी आटत असेल तर पाणी पुन्हा भरू द्या आणि ताज्या पाण्याचा नमुना घ्या. एरवी दर 5 मिनिटांनी वाहकता, पीएच आणि तापमान मोजा. लागोपाठ तीन नोंदी जुळल्या की बाटली भरा. भरती होती की ओहोटी, तेही वहीत लिहा.

नमुना 0.45 मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून दोन बाटल्या भरा: एक धातूंसाठी, दुसरी क्लोराइड, नायट्रेट अशा ऋण आयनांसाठी. धातूंच्या बाटलीतच नायट्रिक आम्ल घाला, पीएच 2 च्या खाली जाईपर्यंत. न गाळता आम्ल घातलं तर गाळातलं लोह विरघळून आकडा फुगतो. तेच आम्ल दुसऱ्या बाटलीत पडलं तर नायट्रेटचा आकडा वाया जातो. बायकार्बोनेट शक्यतो जागेवरच टायट्रेट करा (थेंबाथेंबाने आम्ल घालून मोजा), कारण कार्बन डायऑक्साइड उडाला की कॅल्शियम कार्बोनेट तळाशी बसू लागतं.

आता खरी गंमत हिशेबात आहे. समुद्रात क्लोराइड लिटरला सुमारे 19,000 मिलिग्रॅम. तुमच्या नमुन्यात 400 आणि वरच्या अंगाच्या गोड्या विहिरीत 20 असेल, तर समुद्राचा वाटा जेमतेम 2 टक्के. पिण्यासाठीची 250 ची मर्यादा तर 1.2 टक्क्यांनीच ओलांडली जाते! त्या 2 टक्क्यांनी सोडियम सुमारे 210 मिलिग्रॅमने वाढायला हवं. ते खूपच कमी भरलं आणि कॅल्शियम तेवढ्याच मिलीइक्विव्हॅलंटने (आयनांच्या विद्युतभाराच्या हिशेबाने मोजलेल्या प्रमाणाने) जास्त आलं, तर खारं पाणी नव्याने आत सरकतंय: चिकणमातीने सोडियम धरून कॅल्शियम सोडलं. पावसाळ्यानंतर याउलट सोडियम-बायकार्बोनेट पाणी दिसलं, तर खारा थर धुतला जातोय. म्हणून मे आणि नोव्हेंबर, दोन्ही फेऱ्या हव्यातच.

समुद्राची खूण म्हणून एकट्या मॅग्नेशियमवर विसंबू नका. बेसाल्टातल्या पायरॉक्सिन आणि ऑलिव्हिन या खनिजांमधून ते मुळातच येतं. आणि धन-ऋण आयनांचा ताळेबंद 5 टक्क्यांपेक्षा जास्त चुकला तर आलेख काढायला बसू नका, नमुना पुन्हा तपासायला द्या.