जुनी डिझेल मॉडेल-इंजिने उडवताना या चुका टाळा

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये विमानांच्या मॉडेलांसाठी जी चिमुकली डिझेल इंजिने निघाली, त्यांपैकी मिल्स कंपनीचे ०.७५ सीसीचे इंजिन आणि १९४८ ची १ सीसीची ‘ईडी बी’ ही इंजिने आजही उडताना दिसतात. मिल्सच्या प्रतिकृती पुढे कोलकात्यातही बनल्या, त्यामुळे आपल्याकडच्या एखाद्या जुन्या ट्रंकेतही असे इंजिन हाती लागू शकते. यांना ना स्पार्क प्लग असतो ना ग्लो प्लग (तापलेल्या तारेने इंधन पेटवणारा). पिस्टनने दाबलेली ईथरची वाफ आपोआप पेटते, आणि तो दाब कमी-जास्त करण्यासाठी सिलिंडरच्या डोक्यात एक दुसरा, स्क्रूने सरकणारा पिस्टन असतो.

पहिली चूक इंजिन सुरू करण्याआधीच होते. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या इंजिनात इंधनातले एरंडेल वाळून मधाच्या रंगाचा, लाखेसारखा कडक थर झालेला असतो. पंखा हलत नाही म्हणून पकडीने पिळण्याचा मोह होतो, परंतु त्याने क्रँकशाफ्ट किंवा कनेक्टिंग रॉड वाकतो. केस वाळवायच्या यंत्राने सिलिंडर हाताला चटका बसेल इतका तापवावा, एक्झॉस्टमधून पातळ तेलाचे दोन थेंब सोडावेत आणि पंखा बोटाने हळूहळू मागेपुढे करावा. सुटायला कधीकधी दोन दिवसही लागतात. इंजिन व्हाइसमध्ये मात्र कधीही आवळू नये.

इंधनाच्या बाबतीत पेट्रोलची सवय घात करते. ईथर, रॉकेल आणि एरंडेल समान भागांत घेणे हे जुने, भरवशाचे प्रमाण आहे. एरंडेलाऐवजी मोटारसायकलचे टू-स्ट्रोक तेल घालणे ही काटकसर महागात पडते. ईथर झपाट्याने उडून जाते, त्यामुळे बाटलीचे बूच सैल राहिले तर कालपर्यंत चालणारे मिश्रण आज दाद देत नाही, आणि दोष मात्र इंजिनाला दिला जातो. ईथरची वाफ हवेपेक्षा जड असते व जमिनीलगत पसरते, म्हणून मिश्रण उघड्यावर आणि आगीपासून दूरच करावे.

सर्वांत जास्त गोंधळ दोन स्क्रूंमुळे होतो. एक नीडल, म्हणजे इंधन किती जायचे ते ठरवणारा सुईसारखा स्क्रू, आणि दुसरा डोक्यावरचा कॉम्प्रेशनचा, म्हणजे दाबाचा. इंजिन नीट चालेना की माणूस नीडलही फिरवतो आणि कॉम्प्रेशनही, मग मूळ जागा कोणती होती हेच कळत नाही. एका वेळी एकच फिरवावे, तेही अष्टमांश फेऱ्याने. ठोका अधूनमधून चुकत असेल तर बहुधा कॉम्प्रेशन कमी आहे. इंजिन तापून दम टाकत असेल आणि एक्झॉस्टचे तेल काळपट येत असेल तर कॉम्प्रेशन जास्त आहे. थंड इंजिनासाठी वाढवलेले कॉम्प्रेशन गरम झाल्यावर थोडे उतरवावेच लागते, आणि नवशिके नेमके तेच विसरतात.

पंखा अचानक दगडासारखा अडला तर थांबावे. माझ्या पहिल्या मिल्समध्ये मी उत्साहाने इतके इंधन ओतले होते की पिस्टनच्या वर द्रवच साचला. द्रव दाबला जात नाही, आणि मी जोर लावताच रॉड वाकला. अशा वेळी कॉम्प्रेशन सैल करावे, इंजिन उलटे धरावे आणि एक्झॉस्टमधून जादा इंधन निथळू द्यावे.

आणखी एक गंमत मिल्ससारख्या साइड-पोर्ट इंजिनांची, म्हणजे ज्यांत इंधन-हवा सिलिंडरच्या बाजूच्या छिद्रातून आत येते त्यांची. ती उलट दिशेनेही तितक्याच खुशीने चालतात. इंजिन मस्त गुणगुणत असूनही विमान मागे रेटले जात असेल, तर बिघाड शोधत बसू नये. इंजिन बंद करून पुन्हा सुरू करावे.

उड्डाणापूर्वी मॉडेलचे नाक वर धरून काही सेकंद इंजिन ऐकावे. त्या स्थितीत आवाज खोल जाऊन इंजिन अडखळले, तर मिश्रण पातळ आहे, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते आहे, आणि चढताना हवेतही तेच घडेल. नीडल किंचित उघडावी. पहिल्या खेपेला टाकीत पाच-सात सेकंदांपुरतेच इंधन असावे, म्हणजे ट्रिम (मॉडेलचा तोल आणि पंख-शेपटीची जुळवणी) चुकली तरी मॉडेल मैदानातच सापडते. संध्याकाळी टाकी रिकामी करून इंजिनात पातळ तेलाचे चार थेंब सोडावेत आणि तोंडे कापडाने बंद करावीत, म्हणजे पुढच्या हंगामात केस वाळवायचे यंत्र शोधावे लागत नाही.